कोळसा उरलाय, पण वायू होत नाही

प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात ड्रायरसाठी डाउनड्राफ्ट गॅसिफायर, म्हणजे जळणापासून जळणारा वायू करणारी, वरून खाली ओढ असलेली भट्टी, बसवला आहे. मार्च ते मे तो करवंटीवर उत्तम चालला. जुलै लागल्यापासून वायूची ज्योत फिकट पडली, मधूनच विझते, आणि जाळीखाली राखेबरोबर काळाकुट्ट कोळसा पडतो. ऑपरेटरच्या शब्दांत, "कोळसो आसा, पण जाळ नाय." ब्लोअर वाढवला की अर्धा तास बरं चालतं, मग पुन्हा तेच, किंबहुना जास्तच वाईट. मालकांनी विचारलंय की कोळसा शिल्लक असताना वायू का होत नाही, हवा आणखी वाढवू का, करवंटी कमी पडते म्हणून भाताचं तूस किंवा काजूची टरफलं मिसळली तर चालेल का, आणि वाफ सोडली की हायड्रोजन वाढतो म्हणतात ते करून बघू का.

हवा वाढवू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर मोठं आहे आणि तोवर तुमचा ऑपरेटर व्हॉल्व्ह फिरवून मोकळा झालेला असेल. तुमचा कोळसा मेलेला नाही. तो थंड पडलाय आणि त्याच्या अंगावरच्या कामाच्या जागा अडल्या आहेत. ऑक्सिजन कोळशाशी वागतो त्याहून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ अगदी वेगळं वागतात. हा फरक कळला की तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळतात. मी २२ वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात या भट्ट्यांवर काम करतोय, आणि पावसाळ्यात मला येणाऱ्या दहा फोनांपैकी आठ याच तक्रारीचे असतात.

घरी तांब्याचा बंब असेल तर त्याच्या नळीत नीट बघा. करवंट्या टाकल्या की आधी धूर आणि पिवळा जाळ. धूर संपून नळी निखाऱ्यांनी भरली की वरच्या तोंडाशी निळसर, हलक्या ज्योती नाचायला लागतात. ती निळी ज्योत कार्बन मोनॉक्साइडची. खालच्या जाळीतून हवा आत येते, तिच्यातला ऑक्सिजन पहिल्या दोन-चार बोटांच्या निखाऱ्यातच संपतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू लाल निखाऱ्यांतून वर चढताना कोळशातला आणखी कार्बन उचलतो, एकाचे दोन रेणू कार्बन मोनॉक्साइड होतात, आणि वर हवा भेटली की ते जळतात. निखाऱ्याचा थर दोनच बोटं असेल तर निळी ज्योत दिसत नाही, नळी पूर्ण भरलेली पण निखारा मंद लाल असेल तरीही दिसत नाही. थराची खोली हवी आणि उष्णताही हवी. तुमच्या गॅसिफायरमध्ये हेच चालतं, फक्त ओढ वरून खाली आहे. नोझलपाशी, म्हणजे हवा आत येते तिथे, ऑक्सिजन संपतो आणि घशाच्या, म्हणजे भट्टीच्या अरुंद भागाच्या, खालचा कोळशाचा थर तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडला आणि वाफेला जळणाऱ्या वायूत बदलतो. तुमचा बिघाड या खालच्या थरात आहे. नोझलपाशी सगळं ठीक आहे, म्हणून तर तिथला तापमानाचा काटा तुम्हाला फसवतोय.

आता कोळशाच्या पृष्ठभागाकडे वळू. करवंटीचा कोळसा म्हणजे कार्बनच्या अतिशय पातळ पदरांचा चुरगळलेला गठ्ठा. पदरातले अणू षटकोनी जाळीत बसलेले असतात. मधल्या अणूला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेलं असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या वायूशी त्याला काही देणंघेणं नसतं. पदराच्या कडेवर बसलेल्या अणूचा मात्र एक हात मोकळा असतो, आणि वायू धरतो तो हाच अणू. वाफ देऊन तयार केलेल्या करवंटीच्या सक्रिय कोळशात १ ग्रॅममागे आतल्या छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ साधारण १,००० चौरस मीटर भरतं, म्हणजे जवळजवळ १० गुंठे. पण या १० गुंठ्यांत पीक येतं ते फक्त बांधावर. मधली सगळी जमीन पडीक. खऱ्या कामाच्या जागा एकूण क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या टक्क्यांत असतात. म्हणूनच "आमचा कोळसा सच्छिद्र आहे" एवढ्यावर मी कधी समाधान मानत नाही. कडा किती उघड्या आहेत आणि त्यांच्यावर कोण बसलंय, हे मला बघायचं असतं.

कडेवर नेमकं काय घडतं, याचा पहिला चांगला धागा विजेच्या दिव्यांच्या अभ्यासातून मिळाला. १९१५ च्या सुमारास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युर तापलेल्या कार्बनच्या तंतूवर ऑक्सिजन सोडून बघत होते. त्यांना दिसलं की ऑक्सिजन कार्बनवर आपटून नुसता परत फिरत नाही, तो पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतो. आणि तापवून काढायला गेलं तर तो ऑक्सिजन म्हणून सुटत नाही, कार्बनचा अणू सोबत घेऊन कार्बन मोनॉक्साइड म्हणूनच सुटतो. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रावरच्या कामासाठी लँगम्युर यांना १९३२ चं नोबेल मिळालं. पुढे १९५६ मध्ये सबरी एर्गुन यांनी कार्बन डायऑक्साइडसाठी याच धर्तीवर दोन पायऱ्या मांडल्या, आणि आजही रोजच्या कामाला त्या पुरतात. पहिल्या पायरीत कार्बन डायऑक्साइडचा रेणू मोकळ्या कडेवर उतरतो, आपला एक ऑक्सिजन तिथे ठेवतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. दुसऱ्या पायरीत तो मागे ठेवलेला ऑक्सिजन खालच्या कार्बनला उपटून घेतो आणि आणखी एक कार्बन मोनॉक्साइड म्हणून सुटतो. कार्बन निघून गेला की त्याच्या मागचा अणू उघडा पडतो, म्हणजे नवी कड तयार होते. कोळसा संपतो तो असा, एकेक अणू करून, कडेकडेने.

वाफेचंही तसंच. पाण्याचा रेणू कडेवर उतरतो, ऑक्सिजन तिथे ठेवतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. पुढची पायरी तीच. म्हणजे वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बऱ्याच अंशी एकाच प्रकारच्या जागांसाठी झगडतात.

दुसरी पायरी अवघड आहे. कार्बनला त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडायचं म्हणजे बक्कळ ऊर्जा लागते, आणि एकूण हिशेबातही या दोन्ही क्रिया उष्णता खाणाऱ्या आहेत. कार्बन डायऑक्साइडची क्रिया दर मोलला (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) १७२ किलोज्यूल खाते, वाफेची १३१. उलट कार्बन पूर्ण जळला तर ३९४ किलोज्यूल देतो, अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला तर १११. थोडक्यात, तुमच्या खालच्या थराची स्वतःची काही कमाई नाही. वर नोझलपाशी जी उष्णता मिळवली ती हा थर खर्च करतो, आणि खर्च करता करता थंड होत जातो.

वेगातला फरक किती आहे याचा अंदाज यावा म्हणून एक आकडेवारी सांगतो, जी मी नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले फिलिप वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये चार वायूंच्या वेगांची ढोबळ तुलना मांडली. तापमान ८०० अंश सेल्सिअस, दाब ०.१ वातावरण. कार्बन डायऑक्साइडचा वेग १ धरला तर वाफेचा ३, हायड्रोजनचा ०.००३, आणि ऑक्सिजनचा १,००,०००. एक लाख! हा आकडा नीट मनात घोळवा. ब्लोअर वाढवून तुम्ही आत काय पाठवता, तर जो वायू लाखपट वेगाने कोळसा खातो तो. तो खालच्या मंद थरापर्यंत पोचतच नाही. नोझलच्या तोंडाशी जे हाताला लागेल ते खाऊन संपतो. तिथे तापमान वाढतं, काटा वर जातो, ऑपरेटर खूश. पण त्याच वेळी वरचा चांगला कोळसा भराभर झिजतो, वायूचा प्रवाह वाढल्याने खालच्या थरातून जाताना त्याला थांबायला कमी वेळ मिळतो, आणि वरून ओली करवंटी अधिक वेगाने गरम भागात उतरते. अर्ध्या तासाचं बरं चालणं आणि त्यानंतरचं जास्त वाईट चालणं, दोन्हीचा उगम इथे आहे. थर फारच झिजला आणि मध्ये पोकळी पडली तर ऑक्सिजन त्या वाटेने खाली सुटतो आणि तयार झालेला मोनॉक्साइडच जाळून टाकतो. मग कष्टाने केलेला वायू जाळीवर पोचण्याआधीच खर्ची पडतो.

तापमान घसरलं की किती फटका बसतो? कोळसा आणि कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया सुरू व्हायला ओलांडावा लागणारा उंबरठा, साध्या कोळशासाठी दर मोलला २०० ते २५० किलोज्यूलच्या घरात असते. मधला २२० चा आकडा घेऊन हिशेब करा. ९०० अंशांवरून ८०० वर आलात तर मूळ क्रियेचा वेग आठव्या हिश्शावर येतो. शंभर अंशांत आठपट! ७०० च्या आसपास ही क्रिया व्यवहारात थांबलेलीच असते. तिथला कोळसा म्हणजे नुसता गरम दगड. तुमच्या जाळीखाली पडतोय तो हाच. पुस्तकात समतोलाचं, म्हणजे क्रियेला हवा तेवढा वेळ दिला तर ती कुठे स्थिरावते याचं, कोष्टक बघून काहीजण मला सांगतात की ७०० अंशांवरही अर्ध्याहून जास्त मोनॉक्साइड व्हायला हवा. समतोलात तसं आहे खरं, पण समतोल गाठायला वेळ लागतो, आणि तुमच्या थरातून वायू जातो तो एखाद-दोन सेकंदांत.

इथे एक गोष्ट हातात घेऊन बघण्यासारखी आहे, आणि भट्टी पूर्ण थंड करून सकाळी झाकण उघडाल तेव्हा ती जरूर करा. घशाच्या वरचा करवंटीच्या कोळशाचा एक तुकडा घ्या आणि चांगल्या चालणाऱ्या भट्टीत जाळीच्या लगेच वर सापडणारा दुसरा घ्या. पहिला फरशीवर टाकला तर खणखणीत वाजतो, नखाने ओरखडा उठत नाही, कडा धारदार, अंगावर थोडी चकाकी. दुसरा त्याच मापाचा असला तरी हातात घेताच चटकन कळतं की त्याचं वजन हरवलंय. अंगावर करडी लव, आणि अंगठ्याने दाबला की चुरा होतो. दोन्ही पाण्याच्या ग्लासात टाका. पहिल्यातून चार-दोन बुडबुडे येऊन थांबतात. दुसरा बराच वेळ बारीक, सुईच्या टोकाएवढे बुडबुडे सोडत राहतो, कान जवळ नेला तर चर्र असा आवाजही येतो. पाणी छिद्रांत शिरतंय आणि आतली हवा बाहेर पडतेय. हा दुसरा तुकडा वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने आतून पोखरलेला आहे. सक्रिय कोळसा बनवणारे कारखाने करवंटीवर वाफ सोडून हेच करतात. ते वायू फेकून कोळसा ठेवतात, आपण कोळसा संपवून वायू ठेवतो.

ऑक्सिजनने खाल्लेला तुकडा असा दिसत नाही. तो आकाराने लहान होतो, पण उरलेला गाभा टणकच राहतो, कारण ऑक्सिजनला आत शिरायला सवडच नसते, वरच्या सालीवरच तो संपतो. आपल्याकडे रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकर मारून पुन्हा पेटवायचे, तो प्रकार आठवा. राखेच्या थरातून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो, आणि निखारा किती जळायचा हे त्या झिरपण्यावर ठरतं. कोळशाची तयारी असते, ऑक्सिजनच वेळेवर पोचत नाही. मंद वायूंच्या बाबतीत चित्र उलटं. ८०० च्या आसपास त्यांना घाई नसते, ते जांभ्याच्या चिऱ्यात पाणी मुरावं तसे तुकड्याच्या गाभ्यापर्यंत मुरतात आणि सगळीकडून थोडंथोडं खातात. तापमान वाढवत नेलं की तेही आत पोचण्याआधी वाटेत संपायला लागतात, आणि मग तापमान वाढवण्याचा फायदाही निम्मा होतो. मघाच्या हिशेबात आठपट होतं, ते मोठ्या तुकड्यात जेमतेम तिप्पट भरतं. म्हणून तुकड्याचं माप महत्त्वाचं.

करवंटीच्या मापाबद्दल जरा कडक बोलतो. अर्ध्या करवंट्या तशाच्या तशा टाकू नका. त्या वाट्यांसारख्या एकात एक बसतात, घशाच्या वर कमान धरतात, खाली पोकळी होते आणि वायू त्या एकाच वाटेने पळतो. बाजूच्या कोळशाला वायू शिवतही नाही. इंच-दीड इंचाचे तुकडे करा आणि त्यातली भुकटी चाळून काढा. हातोड्याने दोन बायका दिवसभरात जेवढं फोडतात त्याची मजुरी वाचलेल्या करवंटीतून निघते. मला याहून स्वस्त सुधारणा माहीत नाही.

आता जागा अडण्याचं बघू. कडेवर ऑक्सिजन बसला की त्याने कार्बन घेऊन निघावं ही आपली इच्छा. पण तोपर्यंत आसपास कार्बन मोनॉक्साइडची गर्दी झालेली असेल, तर त्यातलाच एखादा रेणू येतो, कडेवरचा ऑक्सिजन उचलतो आणि पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. पहिली पायरी उलटी फिरली, मेहनत वाया. हायड्रोजन आणखी चिवट. तो मोकळ्या कडेवर स्वतःच बसतो आणि वाफेला जागाच देत नाही. म्हणजे तयार झालेला मालच पुढचं उत्पादन मंदावतो. चांगल्या भट्टीतल्या वायूत मोनॉक्साइड २० टक्क्यांच्या आसपास आणि हायड्रोजन १५ ते २० टक्के असतो, बाकी जवळजवळ निम्मा नायट्रोजन. इतकी गर्दी झाल्यावर थराच्या शेवटच्या वीतभरात फारसं काही घडत नाही. काही मिस्त्री कमी वायूवर उपाय म्हणून जाळी खाली सरकवून थर वाढवतात. थंड भागाची लांबी वाढवून काय मिळणार? पहिल्या वीतभराचं तापमान टिकवा, सगळं काम तिथेच होतं.

तुसाचा प्रश्न. भात भरडून झाल्यावर गिरणीत तुसाचे ढीग लागतात आणि ते जवळजवळ फुकट मिळतं, त्यामुळे मोह होणारच. तरीही करवंटीत मिसळू नका. करवंटीची राख अगदी थोडी, साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि तिच्यात पोटॅशियम भरपूर. हे पोटॅशियम आपला मित्र आहे. पूर्वी राखेने भांडी घासायचो तेव्हा हाताला जो बुळबुळीतपणा लागायचा तो याच क्षाराचा. कोळशाच्या अंगावर पसरलेलं पोटॅशियम मध्यस्थाचं काम करतं. वायूकडून ऑक्सिजन घेतं, कार्बनला देतं, पुन्हा घ्यायला मोकळं. त्यामुळे तीच क्रिया कमी तापमानाला चालते. कॅल्शियमही असंच मदत करतं, फक्त ते लवकर गोळा होऊन मंदावतं. तुसात मात्र १५ ते २० टक्के राख, आणि तिच्यातला बहुतेक भाग सिलिका. सिलिका आणि पोटॅशियम भट्टीच्या उष्णतेत एकत्र आले की पोटॅशियम सिलिकेट होतं, म्हणजे एक प्रकारची काचच. एका दगडात दोन नुकसान. मदत करणारं पोटॅशियम अडकून पडतं आणि वितळलेली काच छिद्रांची तोंडं बुजवते. वर घशात क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचा गोळा, धरतो तो वेगळाच. तुसासाठी वेगळ्या रचनेची, घसा नसलेली भट्टी लागते. ती बसवायची असेल तर स्वतंत्र बसवा.

नारळाच्या सोडणाचंही कुणी सुचवेल. त्यात पोटॅशियम करवंटीहून जास्त, पण क्लोरीनही जास्त, शिवाय वजनाने हलकं आणि पाणी धरून ठेवणारं. क्लोरीन पत्र्याला खातं. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा आधीच किती टिकतो ते तुम्हाला सांगायला नको.

काजूची टरफलं तुमच्याकडे घरचीच. कच्च्या टरफलात वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा तेल असतं, हाताची सालं काढणारं तेच तेल. भट्टीत त्याची दाट वाफ होते. कोळशाचा थर गरम असेल तर तो अशा डांबरी वाफेला चांगला फोडतो, हा त्याचा मोठा गुण. पण फोडताना उरलेला कार्बन त्याच्याच अंगावर काजळीसारखा बसतो. थर ९०० च्या वर असेल तर वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती काजळी खाऊन कडा पुन्हा मोकळ्या करतात. थर थंड असेल तर काजळी साचत जाते आणि कडा झाकल्या जातात. म्हणजे उन्हाळ्यात जे मिश्रण चाललं ते पावसाळ्यात भट्टी बंद पाडतं. तेल काढून घेतलेली टरफलं असतील तर कोरड्या करवंटीत आठवा-दहावा हिस्सा चालतील, तेही जाळीजवळचं तापमान टिकत असेल तरच. कच्ची टरफलं या भट्टीत मुळीच नकोत. मागच्या पावसात एका कारखान्यात माझ्यासमोर जाळीवरून काढलेले तुकडे काळेभोर, चकचकीत, वार्निश मारल्यासारखे होते आणि त्यांना काजूच्या तेलाचा उग्र वास होता. पाण्यात टाकले तर एकही बुडबुडा नाही. छिद्रं होती, पण सगळ्यांना बूच लागलेलं.

आता मूळ दुखण्याकडे येतो, पाण्याकडे. पावसाळ्यात हवाच दमट असते म्हणून असं होतं, असा बहुतेकांचा समज असतो. तो हिशेबात टिकत नाही. २८ अंशांच्या अगदी चिंब हवेत किलोमागे २३-२४ ग्रॅम पाणी असतं. किलोभर करवंटीला दीड-पावणेदोन किलो हवा लागते, म्हणजे हवेतून येणारं पाणी ४० ग्रॅमच्या आसपास. आणि कोकण किनाऱ्यावर मे महिन्यातली हवा तरी कुठे कोरडी असते? फरक पडतो तो करवंटीत मुरलेल्या पाण्याने. मेमध्ये १० टक्क्यांच्या आसपास असलेली करवंटी पावसात उघड्या शेडमध्ये २०-२५ टक्क्यांवर सहज जाते, म्हणजे किलोमागे २०० ग्रॅमहून जास्त पाणी. अशा भट्ट्यांना २० टक्क्यांच्या आतलं जळण लागतं, आणि मी तर १५ च्या आत ठेवायला सांगतो.

एक किलो पाणी तापवून, उकळवून, त्याची वाफ ८०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ४ मेगाज्यूल लागतात. त्या वाफेची कार्बनशी क्रिया करून हायड्रोजन आणि मोनॉक्साइड करायला आणखी ७.३ मेगाज्यूल. मिळून ११ च्या वर. किलोभर कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला तर हाती येतात ९.२ मेगाज्यूल. म्हणजे एक किलो पाणी पूर्ण वायूत बदलायचं तर किलोभराहून जास्त कार्बन जाळून मिळालेली उष्णता त्यात घालवावी लागते. ती कुठून येणार? खालच्या थराच्या तापमानातून. थर थंड झाला की दुसरी पायरी अडते, ऑक्सिजन कडेवर बसून राहतो, वाफ न बदलताच पुढे निघून जाते आणि बर्नरवर ज्योतीला विझवते. तुमची फिकट ज्योत ती हीच.

वाफ सोडण्याचं उत्तरही यातच आलं. वाफ मुद्दाम सोडण्याचा फायदा असतो तो जिथे उष्णता उतू जाते तिथे, म्हणजे शुद्ध ऑक्सिजनवर चालणाऱ्या मोठ्या संयंत्रांत किंवा बाहेरून तापवलेल्या भट्ट्यांत. तुमच्याकडे करवंटीतूनच गरजेपेक्षा जास्त वाफ येतेय. आणखी सोडलीत तर हायड्रोजन वाढणार नाही, थर विझेल.

काय करायचं ते सांगतो. नोझलजवळ एक थर्मोकपल (तापमान मोजणारी सळई) आहे, तसंच के-टाइपचं दुसरं घशाच्या खाली १०-१५ सेंटिमीटरवर बसवा. त्याचा काटा ८५० च्या वर असेल तर निश्चिंत राहा, ७५० च्या खाली गेला तर जळणाची ओल तपासा, ब्लोअरला हात लावू नका. ओल तपासायला यंत्र नको. किलोभर तुकडे वजन करून रात्रभर १०५ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा, सकाळी पुन्हा तोला, जेवढं घटलं तेवढं पाणी. ड्रायरमधून बाहेर पडणारी गरम हवा सध्या तुम्ही छपरावर सोडून देताय. ती पत्र्याच्या डक्टने एका बंदिस्त खोलीत न्या आणि चार दिवसांची करवंटी तिथे जाळीच्या माचावर पसरून ठेवा. आपली माणसं आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, लाकडं भरून ठेवायची ती उगाच नाही. पुढच्या वर्षी मेअखेर दोन महिन्यांचा फोडलेला साठा खोलीत भरून ठेवलात तर हा प्रश्न जुलैत उरणारच नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात तुमचा माल कमी असेल तर गॅसिफायर दिवसभर निम्म्या क्षमतेवर चालवत असाल का? तसं असेल तर तेही थांबवा. कमी ओढीवर नोझलपाशी उष्णताच कमी तयार होते, भिंतींतून जाणारी मात्र तेवढीच राहते, आणि खालचा थर थंडावतो. दिवसभर निम्म्यावर चालवण्यापेक्षा चार-पाच तास पूर्ण क्षमतेवर चालवून बंद करा. कमी हवेनेही बिघडतं आणि ओल्या जळणावर जास्त हवेनेही बिघडतं, म्हणून आधी जळण कोरडं करा आणि मग हवा भट्टी बनवणाऱ्याने दिलेल्या मापावर आणा.

जाळीखाली पडलेला कोळसा फेकू नका, इस्त्रीवाल्याला द्या किंवा बागेत घाला. पण गरम असताना किंवा त्याच दिवशी पोत्यात भरू नका. ताजा सच्छिद्र कोळसा साध्या तापमानालाही हवेतला ऑक्सिजन आणि ओल धरतो, धरताना तापतो, आणि पोत्याच्या पोटात ती उष्णता साचते. एका कारखान्यात संध्याकाळी हाताला थंडगार लागलेली सहा पोती आम्ही काजूच्या गोदामाच्या भिंतीला लावून ठेवली होती. पहाटे तीनला वॉचमनला वास आला. मधलं पोतं आतून लाल झालं होतं, आणि बंद खोलीत मोनॉक्साइड भरल्याने दार उघडणारा माणूस चक्कर येऊन पायरीवरच बसला. तो बाहेरच्या बाजूला बसला म्हणून वाचला. तेव्हापासून मी कोळसा उघड्या शेडमध्ये सिमेंटच्या जमिनीवर टीचभर जाडीने पसरून दोन दिवस ठेवायला लावतो, आणि तिसऱ्या दिवशी ढिगाच्या मधोमध हात घालून पाहिल्याशिवाय पोतं शिवू देत नाही.